घोळणा फुटतो तो नेहमी उष्णतेनेच नाही

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे घोळणा फुटल्याची पत्रे हमखास येऊ लागतात. कुणाचा मुलगा दुपारी रानातून घरी आला आणि नाकातून रक्ताची धार लागली, कुणाच्या मुलीचा शाळेत प्रार्थनेच्या वेळी सदरा भरला. बहुतेकांना मी एवढेच लिहितो की घाबरू नका. यंदा मात्र एक पत्र असे आले की त्याला मी उलट टपाली उत्तर धाडले. त्यातलाच मजकूर थोडा वाढवून इथे देतो आहे, कारण असा मुलगा आणखी एखाद्या घरात असू शकतो.

पत्र एका आईचे आहे. मुलगा १५ वर्षांचा, नववीत शिकणारा. त्या लिहितात, "मुलाचा घोळणा दोन वर्षांपासून फुटतो. सासूबाई म्हणतात उष्णता आहे. सब्जा दिला, गुलकंद दिला, दूर्वांचा रस नाकात घातला. पण औंदा थंडीतही फुटला तेव्हा मला नवल वाटलं. रक्त दर वेळी उजव्याच नाकपुडीतून येतं. ती नाकपुडी एरवीही बंदच असते. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो आणि घोरतो. बोलताना सर्दी झाल्यासारखा आवाज येतो. दुखत मात्र काहीच नाही. यांचं म्हणणं, गहू निघाला की दाखवू."

ताई, तुमच्या सासूबाईंचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांनी आयुष्यभर जे घोळणे पाहिले ते तसेच होते. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात, बोटाचे पेर पोहोचेल इतक्या अंतरावर, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि तिथली त्वचा फार नाजूक असते. उन्हाने, कोरड्या वाऱ्याने, सर्दीने किंवा नखाने खरवडल्याने ती फुटते. पोराटोरांचे शंभरातले बहुतेक घोळणे इथलेच. नाक दाबून धरले की थांबतात आणि वय वाढले की कमीही होतात.

पण तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारली. वयात येणारा मुलगा. रक्त नेहमी एकाच बाजूने. तीच नाकपुडी कायम बंद. आणि दुखणे काही नाही. उष्णतेला डावे-उजवे कळत नाही. उष्णतेने नाक महिनोन्‌महिने बंदही राहत नाही. या चार गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांच्या मनात सर्वांत आधी एका गाठीचे नाव येते. तिला अँजिओफायब्रोमा म्हणतात. अँजिओ म्हणजे रक्तवाहिनी, फायब्रोमा म्हणजे तंतूंची गाठ. हे नाव १९४० साली फ्रीडबर्ग नावाच्या डॉक्टरांनी वापरले, पण रोग पुरातन आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण 'गाठ' शब्द वाचला की घरातल्या बायामाणसांच्या पोटात गोळा येतो. ही गाठ म्हणजे कॅन्सर नव्हे. ती रक्तातून लांब कुठे फुप्फुसात-यकृतात जाऊन रुजत नाही. तिची लागण होत नाही. मुलाच्या पुढच्या संसारालाही तिच्यामुळे काही बाधा नाही. पण साधी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ, असेही समजू नका.

ही गाठ नाकाच्या अगदी मागच्या बाजूला, जिथे नाक संपून घसा सुरू होतो तिथल्या बाजूच्या भिंतीतल्या एका छोट्या छिद्रापाशी उगवते. ती जवळजवळ नेहमी मुलांनाच होते, तीही साधारण १० ते २० या वयात, मिसरूड फुटण्याच्या काळात. त्या वयात मुलाच्या अंगात जे बदल होतात त्यांच्याशी तिचा संबंध आहे असे मानतात. मुलीच्या नाकात अशी गाठ दिसली तर डॉक्टर पुन्हा पुन्हा तपासून पाहतात, इतके ते विरळ. मुळात हा रोगच विरळ आहे. डोके आणि मान या भागातल्या सगळ्या गाठी मोजल्या तर दोनशेत एखादी ही निघते. म्हणूनच ती ओळखायला उशीर होतो. गावच्या डॉक्टरने ती उभ्या जन्मात एकदाही पाहिलेली नसते.

तिचे रक्त इतके का वाहते ते समजून घ्या. आपल्या चांगल्या रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. वाहिनी कापली गेली की तो थर आकसतो, तोंड अरुंद होते आणि रक्त गोठून बूच बसते. या गाठीतल्या वाहिन्यांच्या भिंतींत तो थर अपुरा किंवा नसल्यासारखाच असतो. त्या आकसू शकत नाहीत. एकदा फुटल्या की कच्च्या पाटासारख्या वाहत राहतात.

आणि गाठ वाढते ती जिथे पोकळी सापडेल तिथे. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत, त्यांना सायनस म्हणतात. गाठ त्यांत शिरते. गालाच्या मागे गेली की एका बाजूचा गाल फुगीर दिसतो. डोळ्याच्या खोबणीकडे गेली की डोळा पुढे येतो, एकाच्या जागी दोन दिसू लागतात, नजर कमी होते. घशातून कानाकडे जाणारी नळी दबली की त्या बाजूला कमी ऐकू येते. काही मुलांत ती कवटीच्या तळाचे हाड झिजवून मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचते. हे सगळे एका सुगीत होत नाही, पण ते थांबतही नाही. वय वाढल्यावर गाठ आपोआप आकसल्याची क्वचित उदाहरणे आहेत. त्यांच्या भरवशावर बसणे म्हणजे हत्तीच्या नक्षत्राच्या आशेवर बी घरात ठेवण्यासारखे आहे.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला बरे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी एक सोळा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. तालमीत जाणारा, अंगाने भरलेला, पण ओठ पांढरे पडलेले. नाकातून रक्त जाते म्हणाला. मी बॅटरीने नाकाचा पुढचा भाग पाहिला, काही दिसले नाही. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, उन्हात फिरू नको म्हणून सांगितले आणि परत पाठवले. महिन्या-दीड महिन्याने तो पुन्हा आला आणि मी पुन्हा तेच केले. कोणत्या बाजूने रक्त येते, नाक बंद असते का, हे मी विचारलेच नाही.

पुढे कुणीतरी त्याच्या वडिलांना सांगितले की नाकात मांस वाढले असेल, ते काढले की झाले. त्यांनी त्याला तालुक्याच्या गावी एका ठिकाणी नेले. तिथे नाकातला साधा कोंब समजून खुर्चीवर बसवूनच चिमट्याने तो ओढून काढायचा प्रयत्न झाला. तासाभराने जीप दारात आली तेव्हा दोन टॉवेल भिजून गेले होते आणि मुलाला दरदरून घाम फुटला होता. नाकात पुढून आणि घशाकडून मागून अशा दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठासून भरल्या, सलाईन लावले, तीन बाटल्या रक्त चढवले, आणि रात्रीच शहराच्या मेडिकल कॉलेजकडे रवाना केले. पोरगा वाचला. तिथे नीट ऑपरेशन झाले. आज तो स्वतःचा ऊस लावतो. पण त्याचे वडील भेटले की मला अजून नजर चुकवावीशी वाटते.

म्हणून ताई, पहिली सूचना हीच की नाकातली ही वस्तू कुणालाही ओढू देऊ नका, कापू देऊ नका, जाळू देऊ नका आणि त्यावर औषध टोचू देऊ नका. 'नाकाचं हाड वाढलंय, पाच मिनिटांचं काम आहे' असे कुणी म्हणाले तर नमस्कार करून बाहेर या. एरवी कुठलीही गाठ असली की आम्ही डॉक्टर 'तुकडा काढून तपासू या' म्हणतो आणि ते बरोबरच असते. ही गाठ त्याला अपवाद आहे. तुकडा काढायला गेले की रक्ताचा पूर येतो. ती ओळखायची ती मुलाचे वय, त्याच्या तक्रारी आणि स्कॅन यांवरून.

जायचे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. ते बारीक दुर्बीण नाकातून आत घालून मागचा भाग पाहतात. गुळगुळीत, गुलाबी-लालसर किंवा जांभळट गोळा दिसला की ते त्याला हात लावीत नाहीत, सीटी स्कॅन लिहून देतात. हा स्कॅन शिरेतून एक औषध देऊन काढतात. गाठीत रक्त भरपूर असल्यामुळे त्या औषधाने ती चित्रात उजळून दिसते. त्यातली एक खूण १९६५ साली होल्मन आणि मिलर या दोघांनी दाखवून दिली. गाठ मागून रेटत असल्यामुळे गालातल्या पोकळीची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते. पूर्वी साध्या क्ष-किरण फोटोवरही जाणकार ती ओळखीत. गाठ डोळ्याकडे किंवा मेंदूकडे गेल्याची शंका असली तर एमआरआयही काढतात. एवढ्या मशिनी कशाला, असे म्हणू नका. गाठ कुठवर पोहोचली आहे हे आधी कळल्याशिवाय तिला हात घालणे म्हणजे अंधारात विहिरीत उतरणे आहे.

उपचार ऑपरेशनचाच. गोळ्यांनी किंवा काढ्याने ती जात नाही. गाठ लहान करण्यासाठी संप्रेरकांवर काम करणारी औषधे देऊन पाहिली गेली आहेत, पण ती ऑपरेशनच्या आधीची मदत म्हणून, ऑपरेशनच्या ऐवजी नव्हेत.

मोठ्या ऑपरेशनच्या आधी पुष्कळ ठिकाणी एक काम करतात, ते शेतकऱ्याला चटकन समजेल. पाटाला भगदाड पडले तर आपण वाहत्या पाण्यात माती टाकीत बसत नाही. आधी वर जाऊन चारीचे दार पाडतो आणि पाणी थांबले की भगदाड बुजवतो. तसेच इथे आहे. ऑपरेशनच्या एक ते तीन दिवस आधी जांघेतल्या रक्तवाहिनीतून केसासारखी नळी वर सरकवत नेतात. गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बहुधा जबड्यामागून येणारी असते. ती पडद्यावर पाहून तिच्यात बारीक कण सोडतात आणि तिचे तोंड बुजवतात. मग ऑपरेशनमध्ये रक्त फार कमी जाते. याला एम्बोलायझेशन म्हणतात. त्यातही जोखीम आहेच. कण भलत्या वाहिनीत गेला तर नजरेला किंवा मेंदूला इजा होऊ शकते. असे क्वचितच घडते, पण म्हणूनच हे काम सराव असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हावे. गाठ अगदी लहान असली तर काही सर्जन याशिवायही ऑपरेशन करतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडा.

पूर्वी या गाठीसाठी नाकाच्या बाजूला चेहऱ्यावर काप घ्यावा लागे किंवा टाळू उघडावा लागे. १९९० च्या दशकापासून दुर्बिणीने नाकातूनच गाठ काढण्याची पद्धत आली आणि आता बहुतेक लहान-मध्यम गाठी तशाच काढतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. फार पसरलेल्या गाठीला वरच्या ओठाच्या आतून किंवा चेहऱ्यावरून वाट करावी लागते. वेळीच आलात तर नाकपुडीतून, उशीर केलात तर मोठा काप, हा फरक आहे. मेंदूजवळ किंवा डोळ्याच्या नसेजवळ चिकटलेला आणि काढता न येणारा भाग उरला तर किरणांचा उपचार देतात. पण कोवळ्या वयात किरण दिल्याने पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच जागी दुसरा रोग होण्याचा धोका असतो, म्हणून तो अगदी नाइलाजासाठी राखून ठेवतात.

ऑपरेशन झाले म्हणजे सुटलो, असे मात्र नाही. लव्हाळा उपटला आणि जमिनीत एक गाठ राहिली तर पाऊस पडताच तो पुन्हा फुटतो, हे तुम्हाला सांगायला नको. हाडाच्या भेगेत या गाठीचे मूळ राहिले तर तीही पुन्हा वाढते, आणि बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच. म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढायला बोलावतात. मुलगा ठणठणीत दिसतो, रक्त थांबले आहे, मग एसटीचे भाडे कशाला खर्चायचे, असा विचार करून हीच फेरी पुष्कळ लोक चुकवतात. ती चुकवू नका. पहिले काही आठवडे जड ओझे उचलणे, तालीम, कुस्ती, जोरात नाक शिंकरणे बंद. डॉक्टर सांगतील तसे मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचे, पाणी उकळून गार केलेलेच घ्यायचे, विहिरीचे तसेच नको.

जाण्याआधीच घरी घोळणा फुटला तर काय करायचे? मुलाला आडवे झोपवू नका आणि मान मागे टाकू नका. तसे केले की रक्त घशात उतरते, पोटात जाते आणि मग उलटीतून काळे पडते. बसवा, डोके किंचित पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्यायला सांगा. घड्याळ लावून दहा मिनिटे चिमूट सोडायची नाही. मध्येच थांबले का म्हणून बघण्याची आपली सवय वाईट आहे. तोंडात आलेले रक्त थुंकू द्या. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि नाकात रस, राख, कापसाचे बोळे काही घालू नका. दोनदा दहा मिनिटे धरूनही थांबले नाही, किंवा रक्त घशातूनच उतरत राहिले, तर लगेच १०८ ला फोन लावा किंवा मिळेल ती गाडी काढा. या गाठीचे रक्त मागून येते, तेव्हा पुढचे नाक दाबून ते नेहमी थांबेलच असे नाही. अंगदुखीसाठी अॅस्पिरिनची गोळी या मुलाला देऊ नका, तिने रक्त गोठायला वेळ लागतो.

याच आठवड्यात सहावा महिना लागलेल्या एका भगिनीचेही पत्र आले आहे. नाकाच्या पडद्यावर अगदी पुढे वाटाण्याएवढी लाल गाठ आली आहे आणि बोट लागले की रक्त येते, म्हणून त्या घाबरल्या आहेत. बाई, तुमची गोष्ट वेगळी आहे. वर्णनावरून ही केशवाहिन्यांची गाठ, म्हणजे हिमँजिओमा असावी. नखाच्या इजेने कुणालाही होते आणि गरोदरपणात जास्त दिसते. बाळंतपणानंतर पुष्कळदा ती आपोआप आकसते. रक्त फार जात असेल तर ती मुळासकट काढून बूड जाळतात, हे छोटे काम आहे. तरीही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच, आणि दिवस गेले आहेत हे आधी सांगा, म्हणजे विनाकारण स्कॅन काढला जाणार नाही.

तळ्यात जनावरे धुणाऱ्या, डुंबणाऱ्या लोकांच्या नाकात तुतीच्या फळासारखा खरखरीत लाल गोळा येतो आणि त्यावर पांढरे ठिपके दिसतात. तो रिनोस्पोरिडिओसिस नावाचा निराळा रोग आहे, छत्तीसगडपासून केरळपर्यंत आढळणारा. त्यालाही ऑपरेशनच लागते. लहान पोराच्या एका नाकपुडीतून घाण वासाचे रक्ताळ पाणी येत असेल तर आधी आत ज्वारीचा दाणा, खडू किंवा घड्याळाचा सेल अडकला आहे का ते पाहून घ्या. सेल असला तर त्याच दिवशी धावा. आणि पन्नाशीच्या माणसाच्या एकाच नाकपुडीतून वरचेवर रक्त येऊ लागले तर तिथे कॅन्सरची शंका आधी फेडून घ्यावी लागते.

पुन्हा तुमच्याकडे येतो, ताई. पत्रावरून खात्रीने निदान करता येत नाही आणि मी ते करीतही नाही. माझी शंका खोटी ठरली तर मला आनंदच होईल. पण गहू निघेपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजात जा. केसपेपर काढताना "एकाच बाजूने रक्त येतं, नाक बंद आहे, वय १५" हे तिन्ही सांगा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हे ऑपरेशन आणि आधीचे एम्बोलायझेशन होईल का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारा. ऑपरेशन ठरले तर रक्तपेढीसाठी भावकीतली दोन-तीन धडधाकट तरुण पोरे तयार ठेवा. मुलाच्या बाबांनाही हा अंक वाचायला द्या. गव्हाकडे चार दिवस शेजारी बघतील.

स्कॅनमध्ये काय निघाले ते या सदराच्या पत्त्यावर कळवा. मुलाचे आणि गावाचे नाव छापले जाणार नाही.